कार्डावरचं तिसरं वाक्य

३ फेब्रुवारी

चि. ताईस आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडून टाकायचं झालं तरी ते एकदा हातात घ्यावं लागेल, आणि तेवढ्यात दोन ओळी तरी वाचून होतील.

तुझे शाळेचे दाखले रजिस्टर पोस्टानं पाठवले आहेत. टिल्लू गेल्याला महिना होऊन गेला, म्हणून त्याचे कपडे देऊन टाकले. बूट कुणाला होईनात. सहा फुटांच्या माणसाला आपण टिल्लू म्हणत होतो, हे बूट घेऊन चार दारं फिरल्यावर लक्षात आलं.

दुसरं काम औषधांचं होतं. त्याच्या उरलेल्या बाटल्या केंद्रावर परत केल्या. केंद्र म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तो तिथूनच गोळ्या आणायचा. नर्सनं गोळ्या ताटलीत ओतल्या आणि पट्टीनं पाच-पाच बाजूला सारत मोजल्या. त्र्याण्णव निघाल्या.

"काका, एवढ्या कशा उरल्या?"

"चुकवायचा," मी म्हटलं.

"प्यायल्यावर?"

"हो."

"पुष्कळ जण तेच करतात," ती म्हणाली. "अहो, प्यायलं तरी गोळी घ्यायचीच असते. दारूनं गोळीचं विष होत नाही. गोळी चुकत राहिली की आजार डोकं वर काढतो."

तिच्या मागे भिंतीवर कार्ड होतं. तेच कार्ड टिल्लूला पहिल्या दिवशी दिलं होतं आणि आपल्या फ्रिजवर दोन वर्षं चिकटवलेलं होतं. त्यावर पाच वाक्यं आहेत. तिसरं असं: 'दारू आणि ही औषधे एकत्र घेऊ नयेत.' मी बोट दाखवलं. तिनं मान वळवून असं वाचलं, जणू कुणी आत्ताच ते तिथे लावून गेलं होतं.

"हो की," ती म्हणाली. आणि मग पुढचा नंबर पुकारला.

मी घरी येऊन अर्ज लिहिला आहे. वाक्य बदलावं, एवढाच. तू अजून रागावलेली आहेस हे मला समजतं. दोन वर्षं आम्ही तुला काही सांगितलं नाही आणि तुला दवाखान्यातल्या फाइलवरून कळलं. "तुम्ही दोघांनी मला परकी केलंत," असं म्हणालीस.

बाबा


१९ फेब्रुवारी

चि. ताई,

अर्जाचं काय झालं ते लिहितो. तू विचारलेलं नाहीस, पण घरात सांगायला दुसरं कुणी नाही.

केंद्राच्या कार्यक्रमाचे प्रमुख माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. मला काका म्हणतात, चहा मागवतात आणि ऐकत काही नाहीत. म्हणाले, "काका, वाक्य वरून मंजूर होऊन आलंय." मी म्हटलं, वरून म्हणजे कुठून? ते म्हणाले, समिती. समिती कधी बसते? तीन महिन्यांनी. मग म्हणाले, "आणि समजा, आपण लिहिलं की प्यायलात तरी गोळी घ्या. पोरं काय समजतील? की केंद्रानंच प्यायला परवानगी दिली!"

मी म्हटलं, "पोरं तुमची परवानगी घेऊन पितात का?"

ते हसले. माझ्या खात्यातले लोकही असेच हसतात आणि फाइल बाजूला ठेवतात. तीस वर्षं मी दुकानांतले काटे, लिटरची मापं, बारमधली पेगची मापं तपासत आलो. माप चुकीचं निघालं तर ते त्याच दिवशी जप्त होतं. इथे वाक्य चुकीचं आहे हे नर्सनं माझ्यासमोर मान्य केलं आणि ते भिंतीवर तसंच आहे. मला हे समजत नाही.

बाहेर पडताना समुपदेशक बाईंनी थांबवलं. मुलं त्यांना मावशी म्हणतात. शनिवारी संध्याकाळी त्या अकरा मुलामुलींना घेऊन बसतात. अठरा ते चोवीस वयाची सगळी. त्यांना लागण झालेली नाही, पण प्यायल्यावर भान राहत नाही आणि मग सावधगिरीही राहत नाही, त्यामुळे होऊ शकते. काही जण होऊ नये म्हणून रोज एक गोळी घेतात. कार्ड त्यांनाही हेच. बाई म्हणाल्या, "तुम्ही मापवाले ना? शनिवारी या. माझी पोरं मला किती पितात ते खरं सांगतात, पण त्यांचं त्यांनाच माहीत नसतं."

गेलो. पेगचं माप खिशात घालून गेलो. तिथे एक मुलगी आहे, अखंड बोलते म्हणून तिला रेडिओ म्हणतात. कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते.

"मी दोनच ग्लास घेते," ती म्हणाली. "शपथ!"

बाईंनी तिला तिचा ग्लास घरून आणायला सांगितला होता. मी म्हटलं, पाणी घालायच्या आधी जेवढी ओततेस तेवढं पाणी यात ओत. तिनं ओतलं. मी मापून बाहेर काढलं. एक, दोन, तीन आणि वर अर्धा.

"म्हणजे दोनाचे सात झाले," मी म्हटलं.

"काका, तुमचं माप खोटंय."

"त्यावर सरकारी शिक्का आहे."

"मग सरकार खोटंय!"

"हिच्या दोनात आमची अख्खी गल्ली झोपेल," एक मुलगा म्हणाला. हा ट्रकवर माल चढवतो. सगळे हसले, तीही हसली. मग म्हणाली, "तरीच मला त्या दिवशीचं घरी कशी आले ते आठवत नाही." कोणता दिवस ते कुणी विचारलं नाही. मी तिच्या ग्लासावर पेगच्या उंचीला रंगानं एक रेघ मारून दिली.

बाई त्यांना सोडा म्हणत नाहीत. आधी मोजा, मग एक कमी करा, पिणार असाल त्या दिवशी आधी जेवा, बरोबर कोण असेल ते आधी ठरवा, असं सांगतात. मला पूर्वी हे थोतांड वाटायचं. लागण झालेल्यांचा वेगळा गट बाई बुधवारी घेतात, टिल्लू त्यात येत असे. मी त्याला म्हणायचो, "एक कमी म्हणजे काय? चोरी करताना एक भांडं कमी उचलायचं?"

बाबा


८ मार्च

चि. ताई,

समितीची बैठक लवकर झाली. बाईंनी खटपट केली. मला दहा मिनिटं दिली होती, त्यातली सहा ओळख करून देण्यात आणि माझं सांत्वन करण्यात गेली. सगळे फार चांगलं बोलले. मला चांगलं बोलणं नको होतं.

समितीवर एक वयस्कर डॉक्टर आहेत. त्यांनी वाक्य वाचलं आणि म्हणाले, "वाक्य ढोबळ आहे, मान्य. दारूनं यकृत बिघडतं, गोळीची आठवण राहत नाही, म्हणून दारू टाळा, असा त्याचा अर्थ. यावरून गोळीच टाळायची, असं कोण समजेल?"

मी म्हटलं, "समजतात."

"कोण? एक तरी उदाहरण दाखवा. लेखी. घरच्यांच्या सहीनं. मग पुढच्या छपाईत बदलता येईल."

ताई, उदाहरण आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की टिल्लू गोळ्या चुकवायचा. ते पूर्ण खरं नाही. मी त्याला सांगायचो की प्यायला असशील तर आज गोळी नको. कार्डावर लिहिलं होतं. मी लिहिलेलं पाळणारा माणूस आहे.

हे मला लेखी द्यायचं आहे. त्यात त्याला एचआयव्ही होता हे येणार. हा शब्द मी तुला पहिल्यांदाच लिहितो आहे. बाप म्हणून माझी सही येणार आणि कागद वीस जणांच्या हातातून जाणार. तुझ्या घरी सगळ्यांना न्यूमोनिया म्हणून सांगितलं आहे आणि तसंच राहू द्यायचं तू मला बजावलं होतंस. म्हणून तुझी परवानगी मागतो. हो किंवा नाही, एवढं कळव.

बाबा


२२ मार्च

चि. ताई,

तुझा मेसेज आला. 'बाबा, नको. माझ्या घराचा विचार करा.' सहा शब्द लिहिलेस. तीन महिन्यांतले पहिले.

तुझ्या घराचा विचार मी केला. दोन आठवडे तोच केला. समितीचा कागद टेबलावर कोरा पडून आहे. परवा शनिवारी ट्रकवाला मुलगा आला नाही. रेडिओ म्हणाली, तो कालपासून पितोय. मला पहिला प्रश्न हा सुचला की त्यानं गोळी घेतली असेल का. दुसरा हा की माझ्या मुलीच्या सासरी काय म्हणतील म्हणून मी गप्प बसलोय. मला तुझा राग आला. राग आला हे लिहितो, कारण तू माझ्यावर रागावलीस ते तोंडावर रागावलीस.

पण मी तुला अर्धंच सांगून परवानगी मागितली होती. आता सगळं वाच आणि मग काय ते ठरव.

मी त्याला नुसतं सांगत नव्हतो. गोळ्या माझ्या कपाटात कुलपात असायच्या. किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात. रोज आठ वाजता तो माझ्यासमोर उभा राहायचा आणि मी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचो. वास नसला तर गोळी. वास असला तर नाही. माझी उंची त्याच्या खांद्याला, त्यामुळे तो वाकायचा. चोवीस वर्षांचा मुलगा बापापुढे तोंड उघडून वाकायचा. सुरुवातीला हसायचा. "बाबा, शिक्का मारा," म्हणायचा. नंतर हसायचा नाही.

मला वाटायचं, गोळी बंद होईल या धाकानं तरी दारू सुटेल. मी त्याला म्हणायचो, "तुला गोळी हवी की बाटली ते तू ठरव." म्हणजे ज्या दिवशी तो हरायचा त्याच दिवशी मी त्याचं औषध काढून घ्यायचो. आता लिहिताना हे इतकं सरळ दिसतं. तेव्हा मला वाटायचं की मी शिस्त लावतोय.

तो कमी करत होता. हे मला बाईंनी आता त्यांच्या वहीतून दाखवलं. रोजचं आठवड्यातून चारदा झालं होतं, मग दोनदा, मग फक्त शनिवार. शनिवारचेसुद्धा पाचाचे दोन झाले होते. पुढे वहीत त्यानं स्वतः लिहिलंय, 'बाबांना सांगितलं नाही. त्यांच्यासाठी दोन आणि दहा सारखेच.' बाईंनी पान झाकायचा प्रयत्न केला. मी वाचलं.

आणि एक दिवस. नोव्हेंबरमध्ये. त्याला आठ दिवस खोकला होता. तो वाकला, मला वास आला. मी म्हटलं, "आज नाही." तो म्हणाला, "बाबा, प्यायलो नाहीये. खोकल्याच्या औषधाचा वास आहे." मी म्हटलं, "रोज नवीन कारण." तो म्हणाला, "बाटली दाखवू?" मी म्हटलं, "बाटल्या मी खूप पाहिल्यात." तो दोन मिनिटं तसाच उभा राहिला. मग आत गेला. त्यानंतर तो माझ्याकडे गोळी मागायला आलाच नाही. मी समजलो, हा पुन्हा रोज पितोय. मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. आपल्या घरात सगळे तसेच आहेत. डिसेंबरमध्ये आपण त्याला दवाखान्यात नेलं, पुढचं तुला माहीत आहे.

त्याची खोली आवरताना खोकल्याच्या औषधाची बाटली सापडली. मी वाचली, माझा धंदाच तो. त्यात मद्यार्क होता. बाटलीवर छापलेला होता, टक्क्यांसकट.

गोळ्या त्र्याण्णव उरल्या, त्या त्यानं चुकवलेल्या नाहीत. मी दिल्या नाहीत.

बाबा


११ एप्रिल

चि. ताई,

वीस दिवस वाट पाहिली. उत्तर नाही. मी तुझं ऐकलेलं नाही, हे आधीच सांगतो. म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल.

काल शनिवार होता. कागद कोराच होता. मी ठरवलं की समितीला नंतर, आधी पोरांना सांगावं. ती कुणाला ओळखत नाहीत, तुझ्या घराला तर मुळीच नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बोला, पण खाली बसून बोला, भाषण नको." मी खुर्चीत बसून सगळं सांगितलं. कुलूप, किल्ली, वास, खोकल्याचं औषध. खात्यातला अहवाल वाचावा तसं बोललो.

मग ट्रकवाला म्हणाला, "काका, मी पण शुक्रवार-शनिवार घेत नाही."

"काय घेत नाहीस?"

"गोळी. कार्डावर आहे ना, एकत्र नको. म्हणून प्यायचं असलं की त्या दिवशी गोळीला सुट्टी. आणि प्यायलो की त्याच दिवशी..." तो बाईंकडे बघून थांबला.

"कळलं," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी जास्त गरज असते."

"तेच तर!"

रेडिओ म्हणाली, "अरे, मी तर आदल्या दिवशीपण घेत नाही. पोटात गोळी उरायला नको म्हणून."

बाईंनी विचारलं, अजून कोण असं करतं? हात वर झाले. मी मोजले. अकरांतले सात.

ताई, सात. दोन महिने मी अर्ज लिहितोय, प्रमुखांच्या दारात बसतोय, तुझ्याशी भांडतोय, एक उदाहरण दाखवा म्हणून. आणि सात उदाहरणं दर शनिवारी त्याच खोलीत सतरंजीवर बसत होती. कार्ड त्यांच्या डोक्यावरच टांगलेलं होतं.

मी रेडिओला म्हटलं, "हे तुम्हाला आधी कुणी विचारलं नाही?"

"विचारतात ना. किती प्यायलीस, कुणाबरोबर होतीस, गोळी चुकली का. 'चुकली' म्हटलं की फॉर्मवर फुली मारतात. का चुकली त्याला फॉर्मवर जागाच नाहीये काका."

मीही टिल्लूला कधी 'का?' असं विचारलं नव्हतं, नुसता वास घेतला होता. माझ्या फॉर्मवरही जागा नव्हती.

बाईंनी तिथल्या तिथे सातही जणांचं लिहून घेतलं, नावाऐवजी केंद्राच्या क्रमांकावर. समितीला तेवढं पुरेल. म्हणजे माझ्या कागदाची गरज उरली नाही. मी गप्प राहिलो असतो तर तुझ्या घराला काही झालं नसतं आणि कामही झालं असतं. बाईंनी मला ते बोलून दाखवलं. "काका, आता तुम्हाला सही करायची गरज नाही."

मी घरी येऊन सही केली. आज सकाळी कागद बाईंच्या घरी देऊन आलो. त्यात लिहिलं आहे की माझ्या मुलानं औषध टाळलं नाही, मी टाळायला लावलं. सात जणांचं वाचून समिती म्हणेल, पोरंच ती, उलटं समजली. मी पोर नाही. मी शिकलेला, सरकारी नोकरीतला, अक्षर न् अक्षर वाचणारा माणूस आहे आणि मीही तेच समजलो. हे कुणीतरी सहीनिशी सांगायला हवं होतं. आणि घरी दोन वर्षं ज्याला चोरासारखं उभं केलं, त्याच्यावरचा आळ तरी कागदावर उतरायला हवा होता.

तुझ्या सासरी हे पोचेल की नाही मला माहीत नाही. बाहेरून कळण्याआधी जावईबापूंना तू स्वतः सांगावंस, असं मला वाटतं. सांगताना सगळा दोष माझ्यावर घाल. तो माझाच आहे.

बाबा


३ मे

चि. ताई,

काल तू फोन केलास. मला फोनवर बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहितो.

समितीनं वाक्य बदलायचं मान्य केलं आहे, पण छपाई वर्षअखेरीस. तोवर जुनी कार्डं संपवायची म्हणे. हजारभर आहेत. मी प्रमुखांना म्हटलं, मग तोवर पोरांनाही थांबायला सांगा. ते या वेळी हसले नाहीत. आता बाई आणि रेडिओ दर शनिवारी एकेक गठ्ठा घेऊन पेनानं तिसरं वाक्य खोडतात आणि वर लिहितात: 'प्यायला असाल तरी आजची गोळी आजच घ्या.' रेडिओचं अक्षर भयंकर आहे. पण वाचता येतं. ट्रकवाला शुक्रवारचीही घेतो. दारू सुटलेली नाही, पाचाची तीनवर आली आहे. मी त्याला शाबास म्हटलं.

आता तुझ्या फोनबद्दल.

एप्रिलपासून मी ज्याला ज्याला हे सांगितलं, तो मला म्हणाला, "काका, तुम्ही काळजीपोटीच केलंत." बाई म्हणाल्या, डॉक्टर म्हणाले, प्रमुखसुद्धा म्हणाले. पोरांनी तर मला चहा आणून दिला. मी मान हलवायचो आणि घरी येऊन मला जेवण जायचं नाही.

काल तू नमस्कारही केला नाहीस. एकदम विचारलंस, "त्या दिवशी तो खरंच प्यायला नव्हता?"

मी म्हटलं, "नव्हता."

मग तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही मला का कळवलं नाहीत? मला माहीत असतं ना, तर मी त्या दिवशी येऊन तुमचं कपाट फोडलं असतं. तुम्हाला बाजूला ढकललं असतं आणि त्याच्या हातावर गोळी ठेवली असती."

तू रडत होतीस आणि मागून जावईबापूंचा आवाज आला, "पाणी घे." म्हणजे त्यांना माहीत आहे. मग तू फोन ठेवलास.

तू म्हणालीस ते बरोबर आहे. तू तेच केलं असतंस. लहानपणी मी त्याला कोंडलं की तू कडी काढायचीस आणि मार खायचीस. म्हणूनच बहुतेक आम्ही तुला सांगितलं नाही. त्यानं लाजेनं सांगितलं नाही. मी सांगितलं नाही, कारण तू मला थांबवलं असतंस.

काल मी जेवलो. पाच महिन्यांत यासाठी मला सरळ रागावणारी तू पहिली. अजून पुष्कळ राग शिल्लक असेल, तेवढा एका फोनमध्ये संपणार नाही. पुन्हा कर. मी आठच्या आत घरी येतो. पहिल्या घंटेला उचलीन आणि मध्ये बोलणार नाही.

बाबा